चौदा रॅक आणि सहा सह्या

विद्यापीठाच्या ग्रंथालय आणि माहितीशास्त्र विभागात, तळमजल्यावर जिन्याला लागून एक अरुंद खोली आहे. दारावर 'प्लेसमेंट समन्वयक' अशी पाटी आहे. आत बसणाऱ्या बाईंना विद्यार्थी तोंडावर मॅडम आणि पाठीमागे चौकशीबाई म्हणतात. त्यांना हे माहीत आहे. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं, तेही त्यांनी शोधून काढलं होतं.

चौकशीबाईंचं वय छप्पन्न, पगार वरिष्ठ लिपिकाचा. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आठ आठवड्यांच्या प्रात्यक्षिकासाठी कुठल्या तरी कंपनीत, दवाखान्यात किंवा कचेरीत पाठवायचं, हे त्यांचं काम. तिथे साठलेल्या फायली, नकाशे, तक्रारी नीट लावायच्या, म्हणजे हवा तो कागद हवा तेव्हा हाती येईल, हे विद्यार्थ्यांचं शिकणं. आठ आठवडे भरले नाहीत तर वर्ष वाया.

ग्रंथालयात संगणक आले तेव्हा मोडीत निघालेलं कार्डांचं कपाट बाईंनी आपल्या खोलीत ओढून आणलं. एका कंपनीला एक कार्ड. कंपनीने पत्रात काय लिहिलं ते त्यावर नसतं. परत आलेला विद्यार्थी काय म्हणाला ते असतं. 'खुर्ची नाही.' 'फक्त झेरॉक्स.' 'साहेब चांगले, पण साहेब नसतातच.' सगळ्यात जुनं कार्ड एकोणीस वर्षांपूर्वीचं आहे. त्या वर्षी एका छान पत्रावर भुलून त्यांनी दोन मुली पाठवल्या. मुलींनी आठ आठवडे पार्सलांवर लेबलं चिकटवली आणि प्रमाणपत्रावर 'उत्कृष्ट' असा शेरा घेऊन आल्या. तेव्हापासून बाई पत्रावर जात नाहीत. स्वतः जाऊन तीन गोष्टी विचारतात: पोरं बसणार कुठे, त्यांना शिकवणार कोण, आणि तुमची एक फाइल आत्ता माझ्यासमोर काढून दाखवा.

त्यांचे यजमान छापखान्यात मुद्रितं तपासत असत, आता घरी असतात. ते म्हणतात, हिने भाजीवाल्याकडेही वांग्यांच्या अनुभवाचा दाखला मागितलेला आहे.

गेल्या वर्षी प्रात्यक्षिक सुरू व्हायला तीन आठवडे उरले असताना दवाखान्याचा निरोप आला. दरवर्षी तिथे सहा विद्यार्थी जात. इमारतीचं काम काढलंय, नोंदी खोक्यांत बांधल्यात, यंदा जमणार नाही. म्हणजे सहा जणांना जागा नाही. बाईंनी दोन दिवसांत एकतीस ठिकाणी फोन केले. एका ठिकाणी 'बघू', बाकी सगळीकडे नकार.

चौथ्या दिवशी एक पत्र आलं. लिफ्ट बसवणारी आणि त्यांची देखभाल करणारी एक कंपनी होती. तिला विद्यापीठाशी दीर्घकालीन भागीदारी करायची होती, सुरुवात म्हणून सहा विद्यार्थी हवे होते. मानधन मिळणार, चांगलं काम करणाऱ्यांना पुढे नोकरी.

विभागप्रमुख पत्र हातात घेऊनच खाली आले. सहाला सहा, म्हणाले, देव पावला.

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

विभागप्रमुखांना कळलं नाही. बाईंनी समजावून सांगितलं. पहिल्यांदा येणारी कंपनी एक मागते, फार तर दोन, आणि तेही उपकार केल्यासारखं. मोजून सहा कोणी मागत नाही. सहा ही गरज असते, आणि गरज कसली ते पत्रात लिहिलेलं नाही. विभागप्रमुख म्हणाले की वेळ थोडा आहे, शंका जरा कमी काढा. बाईंनी छत्री उचलली आणि कंपनीचा पत्ता लिहून घेतला.

मनुष्यबळ विभागाचा अधिकारी मवाळ बोलणारा होता. कंपनीत येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं. त्याने आधी पडद्यावर चित्रं दाखवली, त्यात विद्यापीठ आणि कंपनी यांच्यामध्ये दोन्हीकडे टोकं असलेला एक बाण होता. बाईंनी खोली बघायला मागितली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकी होती, सहा टेबलं होती, सहा खुर्च्या होत्या. बाई एका खुर्चीवर बसल्या आणि उठल्या, मग दुसरीवर बसल्या. सगळ्यांच्या गाद्या मधोमध दबलेल्या होत्या. त्यांनी टेबलाचा खण ओढला. आत एक कंगवा होता आणि अर्ध्या संपलेल्या गोळ्यांचं पाकीट.

"इथे आधी कोण बसायचं?"

जागा रिकामीच होती, अधिकारी म्हणाला, भांडार होतं. बाईंनी खण लावला. शिकवणार कोण, ही दुसरी गोष्ट त्यांनी नंतरसाठी ठेवली. मग त्यांनी तिसरी गोष्ट काढली. मी आत्ता ज्या लिफ्टमधून वर आले ती तुमचीच ना? तिची फाइल दाखवा.

अधिकारी हसला. ही तर सोपी गोष्ट, म्हणाला, आणि त्यांना नोंदींच्या खोलीत घेऊन गेला. तिथे लोखंडाचे चौदा रॅक होते. प्रत्येकाच्या माथ्यावर पांढऱ्या रंगाने एकेक शब्द रंगवलेला: लंबू, मामा, चष्मा, फौजी, धाकटा मामा, पेटी, असे चौदा. हे काय आहे, असं बाईंनी विचारलं. जुन्या लोकांची गंमत असावी, अधिकारी म्हणाला. त्याने पत्त्यावरून शोधलं, मग लिफ्टच्या क्रमांकावरून, मग शिपायाला बोलावलं. शिपायाने आणखी एकाला बोलावलं. बाई घड्याळ बघत उभ्या राहिल्या. चाळीस मिनिटांनी अधिकाऱ्याच्या शर्टाची बाही धुळीने काळी झाली होती, आणि कंपनी ज्या इमारतीत बसते तिच्याच लिफ्टची फाइल कंपनीला सापडली नव्हती.

बाहेर फरशी पुसणारी बाई हे ऐकत होती. ती फडकं पिळता पिळता म्हणाली, वहिनी असत्या तर दोन मिनिटांत काढली असती. अधिकाऱ्याने तिला खालचा मजला पुसायला पाठवलं.

चौकशीबाई लिफ्टने उतरल्या नाहीत, जिन्याने उतरल्या. खालच्या मजल्यावर फरशी पुसणारी भेटली. पाच मिनिटांत बाईंना हवं ते कळलं. त्या खोलीत सहा माणसं बसायची. मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सहाही जणांना घरी पाठवलं. सगळं संगणकावर जाणार, आता माणसं कशाला, असं वरच्या साहेबांचं म्हणणं. त्यांतली एक वहिनी. सव्वीस वर्षं होती. मालकाच्या ड्रायव्हरपासून मेकॅनिकपर्यंत सगळे तिला वहिनी म्हणत. कोणाची वहिनी, हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी बाईंनी घरी हे सांगितलं. यजमानांनी चष्मा काढून पुसला. पोरं पाठवलीस तर त्या सहांच्या खुर्च्या गेल्या, म्हणाले, नाही पाठवलीस तर या सहांचं वर्ष गेलं. तू आधी जेव. विभागप्रमुखांचं मत दुसऱ्या दिवशी कळलं: आपण कामगार खातं नाही. त्यांच्या म्हणण्यात चूक काही नव्हती.

फरशी पुसणारीने सांगितल्याप्रमाणे वहिनीचं घर टायरच्या दुकानामागे, एका शिंप्याच्या वरच्या मजल्यावर होतं. दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा आणि पिकलेल्या केसांची बट दिसली.

"कंपनीनं पाठवलं?"

"नाही. मी विद्यापीठातून आले."

"मग तेच की. आमच्या खुर्च्यांवर बसणार ती पोरं तुमचीच ना?"

बाई हो म्हणाल्या. खोटं बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. साखळी तशीच राहिली, दारही तसंच राहिलं, आणि पुढचं सगळं बोलणं त्या फटीतूनच झालं. बाईंनी चाळीस मिनिटांची गोष्ट सांगितली, धुळीने माखलेल्या बाहीसकट. तेव्हा आतून प्रथमच हसण्यासारखा आवाज आला.

मग वहिनीने रॅकांचं कोडं उलगडलं. लिफ्टची फाइल इमारतीच्या नावाने लावून उपयोग नाही. इमारतीचं नाव बदलतं, मालक बदलतो, क्रमांकाची पट्टी कोणी तरी काढून नेतं. बदलत नाही तो लिफ्ट बसवणारा हात. लंबू दोर ओढून बांधायचा, त्याच्या लिफ्टचे दोर लवकर झिजतात. चष्मा दाराची पट्टी अर्धं बोट सैल ठेवायचा, त्याच्याकडच्या तक्रारी दाराच्या. तक्रार आली की कंपनीत पहिला प्रश्न असायचा, ही कोणाची? म्हणून फायली मेकॅनिकप्रमाणे. चौदांपैकी नऊ जण निवृत्त झाले, दोघे वारले. पण कुठली इमारत कोणाची, हे कागदावर कधी आलंच नाही. सहा माणसांना पाठ होतं, लिहायची गरज पडली नाही.

"तुम्ही बघितली ती चष्म्याची," वहिनी म्हणाली. "खालून दुसरा कप्पा, डावीकडे. जा, सांगा त्यांना. एक फुकट देते."

आणि दार लागलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अधिकाऱ्याला फोन करून रॅक, कप्पा आणि बाजू सांगितली. दोन मिनिटं फोनवर पावलांचे आवाज आले. मग तो फाइल घेऊन परत आला, पण आधी तिच्याबद्दल बोललाच नाही. हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं त्याने विचारलं. तुम्ही कुठल्या संघटनेच्या आहात का, असंही विचारलं. बाई म्हणाल्या, मी विद्यापीठाची नोकर आहे आणि आता फॉर्मचं बोलू.

प्रात्यक्षिकाच्या फॉर्मवर एक रकाना असतो: 'संस्थेतील मार्गदर्शक, त्याच नोंदींवर किमान पाच वर्षांचा अनुभव.' शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याच्या फॉर्मवर सही याच मार्गदर्शकाची. वर्षानुवर्षं कंपन्या तिथे हाताला येईल त्याचं नाव लिहीत आल्या आणि बाईंनी ते चालवून घेतलं. या वेळी त्यांनी चालवून घेतलं नाही. पाच वर्षांचा अनुभव असलेलं कोण आहे तुमच्याकडे?  ही अट कधीपासून, असं अधिकाऱ्याने विचारलं. छापलेली आहे, बाई म्हणाल्या.

त्याच्यापुढे दुसरा रस्ताही नव्हता. लिफ्टची तपासणी करणाऱ्या सरकारी कचेरीने महिनाभरात दोनदा जुन्या नोंदी मागितल्या होत्या, आणि दोन्ही वेळा कंपनीने मुदत वाढवून घेतली होती. वहिनीला आठ आठवड्यांसाठी बोलावणं गेलं. बाकीच्या पाचांना गेलं नाही.

सहा विद्यार्थी सोमवारी रुजू झाले. वहिनीने पहिल्या दिवशी त्यांना खुर्च्या वाटून दिल्या, स्वतः दाराशी स्टूल घेऊन बसली आणि नियम सांगितला: आठवड्याला एक रॅक. तिच्या तोंडून एकेक इमारत, तिचा मेकॅनिक, त्याची खोड, हे सगळं पोरांनी टिपायचं, फाइलशी ताडून बघायचं आणि संगणकावरच्या यादीत भरायचं.

तिसऱ्या आठवड्यात अधिकाऱ्याचा फोन आला. वहिनी मुद्दाम हळू शिकवतात, अशी त्याची तक्रार होती. चौकशीबाई जाऊन बघून आल्या. पोरं मान वर न करता काम करत होती. त्यांतला एक जण म्हणाला की वर्गात दोन वर्षांत जे डोक्यात शिरलं नव्हतं ते इथे शिरलं: कागद लावायचे ते शोधणाऱ्याच्या डोक्याने लावायचे. चौकशीबाईंना शिकवणं चोख वाटलं. चौदा रॅक आणि आठ आठवडे, हा हिशेब त्यांच्या ध्यानात आला होता. वहिनी आपली जागा राखून ठेवतेय, हेही त्यांना दिसलं. त्यात त्यांना वावगं वाटलं नाही. पुढे काय, हा विचार मात्र त्यांनी केला नाही. कंपनीवर संशय, पत्रावर संशय, विभागप्रमुखांच्या आनंदावरसुद्धा संशय. वहिनीवर घ्यायचा राहून गेला.

आठव्या आठवड्याच्या गुरुवारी सहा जण जिन्याजवळच्या खोलीत येऊन उभे राहिले. फॉर्म शुक्रवारी पाच वाजेपर्यंत द्यायचे होते आणि वहिनी सही करत नव्हती. कारण सांगत नव्हती. बघू, एवढंच म्हणत होती.

शुक्रवारी दुपारी दोन वाजता चौकशीबाई कंपनीत पोचल्या. वहिनी नोंदींच्या खोलीत स्टुलावर बसली होती. सहा फॉर्म तिच्या मांडीवर होते, एकावर एक, कडा जुळवलेल्या.

बाईंनी सरळ विचारलं. वहिनीनेही सरळ सांगितलं. मंगळवारी मनुष्यबळाच्या साहेबाने तुमच्या पोरांतल्या त्या उंच मुलीला केबिनमध्ये बोलावलं होतं, दार लावून वीस मिनिटं. कशाला, ते मला कळतं. आठ रॅक यादीत आले. राहिलेले सहा ती पोरगी माझ्याशिवाय करू शकेल का, एवढंच त्याला बघायचंय.

"सही दिली की मी उद्या घरी," ती म्हणाली. "माझ्याकडे आता तेवढंच आहे."

"म्हणून माझ्या पोरांना ओलीस धरता?"

"तुम्ही मला धरलंच होतं की. तुमच्या फॉर्मवर." वहिनीचा आवाज चढला नाही. "तुमची पोरं पार पडावीत म्हणून आलात ना माझ्या दारात? माझ्यासाठी नव्हतात आल्या. मी काही म्हटलं तेव्हा?"

 चौकशीबाईंनी बाहेर येऊन उंच मुलीला जिन्यावर गाठलं. ती घाबरली नाही. हो, साहेबांनी नोकरी देऊ केली, म्हणाली. सहा रॅक एकटीने होतील का, असं विचारलं. मी विचार करून सांगते म्हणाले. मॅडम, मला नोकरी हवी आहे. तिने हे बाईंच्या डोळ्यांत बघून सांगितलं. रॅक होतील का, या प्रश्नाचं उत्तर बाईंनी पुन्हा मागितलं. मुलगी म्हणाली, होणार नाहीत. पेटी आणि धाकटा मामा यांच्या कितीतरी फायलींवर इमारतीचं नावच नाही, नुसती खूण आहे. ती खूण वहिनींनाच कळते.

"हे साहेबांना सांगितलंस?"

"नाही. मग नोकरी दिली नसती."

"आता चल आणि सांग."

अधिकाऱ्याच्या केबिनमध्ये त्या दोघी तीन वाजता गेल्या. मुलीने जे खरं होतं ते सांगितलं. अधिकाऱ्याने दोघींकडे आळीपाळीने बघितलं. तुम्ही सगळ्या मिळालेल्या आहात, असं तो म्हणाला नाही, पण चेहऱ्यावर तेच होतं. मग तो म्हणाला की वहिनीच्या मुदतवाढीला वरची मंजुरी लागते, सोमवारी विचारतो. बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि पर्स मांडीवर घेतली. आज सह्या झाल्या नाहीत तर सहा जणांचं वर्ष जाईल, त्या म्हणाल्या, आणि विभाग तुम्हाला एकही विद्यार्थी पुन्हा पाठवणार नाही, नोकरीलाही नाही. शिवाय ही यादी अर्धी आहे. अर्ध्या यादीचं तपासणीवाल्यांना काय सांगणार, ते तुम्ही ठरवा. मला घाई नाही, म्हणाल्या. ते खोटं होतं, कारण विभाग पाचला बंद होतो आणि पोचायला पंचवीस मिनिटं लागतात.

अधिकाऱ्याने वर फोन लावला. दोनदा त्याला थांबायला सांगितलं. तिसऱ्यांदा तो आवाज खाली करून, पाठ फिरवून बोलला. पावणेचारला पत्र टंकायला गेलं. वहिनीला राहिलेल्या सहा रॅकांसाठी सहा आठवडे, आणि त्यानंतर नव्या माणसाला तयार करण्यासाठी तीन महिने. नवं माणूस म्हणजे उंच मुलगी. वहिनीबरोबर घरी पाठवलेल्या पाच जणांचं नाव कोणी काढलं नाही. चौकशीबाईंनीही काढलं नाही.

वहिनीने पत्र दोनदा वाचलं. उलटं करून शिक्क्याची शाई पाठीमागे उमटलीय का ते बघितलं. मग स्टुलावरच फॉर्म मांडीवर घेऊन सह्या करायला लागली. पाच झाल्या. सहाव्यापाशी तिचा हात थांबला. फॉर्मवर उंच मुलीचं नाव होतं आणि मुलगी दाराशीच उभी होती.

"ही माझ्या जागेवर येणार."

"येणार," चौकशीबाई म्हणाल्या. "साडेचार महिन्यांनी."

वहिनीने मुलीला वरपासून खालपर्यंत बघितलं. सही केली. मग सहाही फॉर्म पुन्हा पुढ्यात घेतले आणि प्रत्येक सहीखाली तारीख आणि वेळ घातली. तसा रकाना फॉर्मवर नव्हता. नंतर कोणी काही म्हणायला नको, ती म्हणाली. चौकशीबाईंनी घड्याळ बघितलं, चार वाजून बारा मिनिटं, आणि फॉर्म मोजून घेतले.